मिनी ट्रॅक्टरला जड औजार एकट्याने आणि कमी त्रासात कसे जोडावे?

बागाईतदार_निफाड

नमस्कार मंडळी. निफाड तालुक्यात आमची साडेतीन एकर द्राक्षबाग आहे. दोन ओळींत नऊ फुटांचे अंतर असल्यामुळे मोठा ट्रॅक्टर बागेत फिरत नाही, म्हणून गेली सहा वर्षे २४ एचपीचा, चारही चाकांना गती असलेला मिनी ट्रॅक्टर वापरतो. ट्रॅक्टरविषयी माझी तक्रार नाही. अडचण आहे ती औजार बदलण्याची.

ऑक्टोबरमधल्या गोड्या छाटणीनंतर, विशेषतः डोळे फुटण्याच्या पोंगा अवस्थेपासून पुढे, केवडा या बुरशीरोगाच्या भीतीने फवारणी लांबवता येत नाही. सकाळी फवारणीचा ब्लोअर, दुपारी माती भुसभुशीत करणारा रोटर, संध्याकाळी ढग आले की पुन्हा ब्लोअर, असे दिवसातून दोन-तीनदा जोडणे-सोडणे होते. रोटर साडेतीन फुटी असून त्याचे वजन सुमारे २३० किलो आहे. ब्लोअर मागे उचलून चालवायचा, २०० लिटर टाकीचा आहे. रिकामा असताना तो १६० किलो भरतो.

दोन्ही औजारे शेडसमोरच्या मातीत ठेवतो. ट्रॅक्टर कितीही सांभाळून मागे घेतला तरी औजाराच्या एका बाजूची पिन ट्रॅक्टरच्या मागच्या हाताच्या, म्हणजे औजार उचलणाऱ्या दांड्याच्या, टोकावरील बॉलच्या भोकासमोर येते आणि दुसरी दोन बोटे वर राहते. मग पहार घेऊन औजार सरकवायचे, ते जमेपर्यंत पहिली बाजू निसटते. गेल्या हंगामात असेच रेटताना माझे डाव्या हाताचे बोट पिन आणि बॉल यांच्यामध्ये सापडले आणि दोन आठवडे पट्टी बांधून काढावे लागले. आता वय ५७ झाले आहे, मुलगा नोकरीला आहे आणि मजूर ऐन छाटणीत मिळत नाही. एकट्या माणसाने हे काम दहा मिनिटांत, अंगावर जोर न घेता करण्याची ज्यांना रीत बसली आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

डाळिंबवाडी

दादा, मी सांगोल्याजवळची. चार वर्षांपासून आमच्या डाळिंबाच्या बागेतली ट्रॅक्टरची सगळी कामे मी एकटीच करते, म्हणून माझी रीत सांगते.

पहिली गोष्ट अशी की औजार जोडताना जो त्रास होतो तो आपण आदल्या वेळी औजार सोडतानाच तयार करून ठेवलेला असतो. मऊ मातीवर टेकवलेला रोटर गिअरपेटीच्या जड बाजूला खचतो, एखादा पाऊस पडला की आणखी कलतो, आणि पुढच्या वेळी आपण त्या कललेल्या रोटरशी भांडत बसतो. आम्ही शेडमध्ये दहा बाय बारा फुटांचा सिमेंटचा कोबा करून घेतला. प्रत्येक औजारासाठी बाभळीचे ठोकळे मापून कापले आहेत आणि त्यांच्यावर रंगाने औजाराचे नाव लिहिले आहे, म्हणजे औजार दर वेळी त्याच उंचीवर आणि समपातळीत बसते. कोब्यावर प्रत्येक औजारासमोर मागच्या दोन्ही चाकांसाठी पिवळे पट्टे ओढले आहेत. मागे पाहताना मी औजाराकडे पाहतच नाही, चाक पट्ट्यावर आहे की नाही एवढेच पाहते.

दुसरी गोष्ट ट्रॅक्टरच्या हातांच्या उंचीची. खालचे दोन्ही हात औजाराच्या पिनांपेक्षा साधारण दोन इंच खाली ठेवून मागे यावे. हात वर असतील तर ते खाली दाबता येत नाहीत, पण खाली असतील तर हाताने सहज वर उचलता येतात. हे मला फार उशिरा कळले, आणि कळल्यावर माझे निम्मे कष्ट संपले.

तिसरे म्हणजे क्रम. ट्रॅक्टर थांबवला की हँडब्रेक, इंजिन बंद, चावी खिशात. मग आधी डावा हात, कारण आमच्या ट्रॅक्टरवर त्याची लांबी बदलता येत नाही. मग उजवा, कारण त्याच्या उभ्या दांड्याला फिरवायचे हँडल आहे आणि त्याने तो वर-खाली करता येतो. बाजूच्या साखळ्या जोडण्याआधी पूर्ण सैल कराव्यात. घट्ट साखळ्यांनी हात जागीच अडकतात आणि अर्धा इंचही बाजूला जात नाहीत. औजार लागल्यावर मात्र रोटरसाठी त्या आवळायच्या, नाहीतर रोटर डोलतो आणि चाकाला घासतो.

हायड्रोलिक_पुणे

ताईंनी सांगितलेल्या दुसऱ्या मुद्द्यामागचे कारण लिहितो, कारण ते कळले की विसर पडत नाही. ट्रॅक्टरच्या मागच्या लिफ्टमधला सिलिंडर एकाच दिशेने काम करतो. तेलाचा दाब हातांना वर उचलतो. खाली आणण्याचे काम मात्र दाब करत नाही, हात आणि औजार स्वतःच्या वजनाने उतरतात. त्यामुळे लिव्हर खाली असताना रिकामे हात माणसाला वर उचलता येतात, पण लिव्हर ज्या उंचीवर आहे त्याच्या खाली ते दाबले जात नाहीत. म्हणून नेहमी खालून वर जावे.

खालचे दोन हात आणि वरचा एक दांडा (टॉप लिंक) अशा या तीन टोकांच्या जोडणीचे श्रेय हॅरी फर्ग्युसन यांना जाते. आयर्लंडमधल्या काउंटी डाऊनचे हे गृहस्थ, १८८४ चा जन्म. १९३८ मध्ये त्यांचा हेन्री फोर्ड यांच्याशी केवळ हस्तांदोलनावर करार झाला आणि १९३९ च्या फोर्ड ९एन ट्रॅक्टरबरोबर ही जोडणी मोठ्या प्रमाणावर शेतात पोचली. त्यात खालचे दोन हात ओढतात आणि जमिनीत चालणाऱ्या नांगरासारख्या औजाराच्या बाबतीत वरची टॉप लिंक ट्रॅक्टरला पुढे दाबते. एकटा माणूस औजार लवकर बदलू शकतो हे त्या रचनेचे एक मोठे आकर्षण होते. त्यामुळे आज आपल्याला पहार लागत असेल, तर दोष बहुधा रचनेत नसून मापांत किंवा जागेत असतो.

मापे तपासून घ्यावीत असे सुचवतो. मिनी ट्रॅक्टरवर साधारणपणे कॅटेगरी १ किंवा अरुंद कॅटेगरी १एन असते. दोन्हींत खालच्या पिनेचा व्यास २२ मिमी आणि टॉप लिंकच्या पिनेचा १९ मिमी असतो. फरक आहे तो औजारावरच्या दोन खालच्या जोडबिंदूंमधल्या अंतरात: आयएसओ ७३० या मानकानुसार कॅटेगरी १ मध्ये ते ६८३ मिमी आणि १एन मध्ये ४०० मिमी. कॅटेगरी २ च्या पिना २८ आणि २५ मिमीच्या असतात. अनेक ठिकाणी ट्रॅक्टर एका मापाचा आणि औजार दुसऱ्या मापाचे असते, आणि मग दोन्ही हात बाहेर ताणून किंवा आत दाबून जोडले जातात. तसे असेल तर कितीही सराव केला तरी ते झगडणे चालूच राहते. निफाडकर, आपण दोन्ही औजारांवरचे हे अंतर मोजून इथे लिहावे.

बागाईतदार_निफाड

आज मोजले. रोटरवर ते अंतर ६८० मिमीच्या आसपास आहे. ब्लोअर मात्र स्थानिक कारागिराकडून करून घेतलेला आहे आणि त्यावर ते ७३० मिमी निघाले. सहा वर्षे मी यालाच ट्रॅक्टरचा दोष समजत होतो.

आणखी एक विचारतो. चित्रफितींमध्ये परदेशी शेतकरी ट्रॅक्टरला एक लोखंडी चौकट कायमची लावून ठेवतात. मागे येऊन चौकट उचलली की औजार आकड्यांत अडकते. असे काही आपल्याकडे करून घ्यावे काय?

लोखंडकाम_कोल्हापूर

आमचे औजारदुरुस्तीचे वर्कशॉप आहे. ब्लोअरच्या पिना आत घेणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे. ब्लोअरच्या सांगाड्याच्या पट्ट्या कापून नव्या भोकांचे जाड प्लेट लावावे, आधी दोन्ही बाजू समांतर आहेत याची खात्री करावी आणि मगच पक्के वेल्डिंग करावे. हे वेल्डिंग औजारावर करावे. ट्रॅक्टरच्या खालच्या हातांना लांबवण्यासाठी किंवा वाकवण्यासाठी आग लावू नये, हे मी हात जोडून सांगतो. ते हात घडीव पोलादाचे, उष्णतेची प्रक्रिया केलेले असतात. गॅसने तापवले की त्या जागी ताकद उतरते, आणि ते बाहेरून दिसत नाही. आमच्याकडे असा तुटलेला हात आलेला आहे. औजार उचललेले असताना तो तुटला होता आणि जवळ कोणी नव्हते म्हणून निभावले.

आता चौकटीविषयी. तिला वर एक आणि खाली दोन आकडे असतात. ती तेव्हाच उपयोगी, जेव्हा आपल्या सगळ्या औजारांवर तिन्ही पिनांची रचना एकसारखी असते. कंपनीचा रोटर, गावातला ब्लोअर, मेळ्यातून घेतलेला कल्टिव्हेटर अशा तीन औजारांत वरच्या पिनेची उंची मला तीन वेगवेगळी सापडलेली आहे. एका औजारासाठी चौकट बसवली की दुसऱ्याचा वरचा आकडा लागत नाही. ज्यांना चौकट घ्यायची आहे त्यांनी आधी प्रत्येक औजाराची तीन मापे कागदावर घ्यावीत: खालच्या पिनांमधले अंतर, खालच्या पिनांपासून वरच्या पिनेची उंची, आणि वरची पिन खालच्या पिनांच्या किती पुढे किंवा मागे आहे. त्यात औजारे जुळवून घेण्याचा खर्च चौकटीच्या खर्चाइतकाही होऊ शकतो.

त्यापेक्षा चाकांचा गाडा स्वस्त पडतो. अँगलची बुटकी चौकट, खाली चार फिरती चाके आणि त्यांतल्या दोघांना ब्रेक. चाके निवडताना एक लक्षात ठेवावे की कोबा कधीच पूर्ण सपाट नसतो, एखादे चाक अधांतरी राहते; म्हणून कोणतीही तीन चाके सगळे वजन पेलतील अशी घ्यावीत. २३० किलोच्या रोटरसाठी प्रत्येक चाक किमान १०० किलोचे असावे, दीडशेचे घेतल्यास उत्तम. रोटरच्या एका बाजूला साखळीची किंवा गिअरची पेटी असल्यामुळे मधोमध मोजून लावलेला गाडा त्या बाजूला झुकतो. रोटर दोरीवर उचलून त्याचा खरा तोल कुठे आहे ते पाहावे आणि चाके त्यानुसार लावावीत. मातीत हा गाडा निरुपयोगी आहे, पण कोब्यावर एक माणूस रोटर बोटभर पुढे-मागे सहज करतो.

हायड्रोलिक_पुणे

चौकट घेण्याआधी तोलाचाही हिशेब करावा. चौकटीमुळे औजार सुमारे १० सेंमी मागे जाते, आणि मिनी ट्रॅक्टरला हे १० सेंमी जाणवतात.

निफाडकरांचेच उदाहरण घेऊ. समजा ट्रॅक्टरचे वजन ९०० किलो आहे आणि त्यातले ३८० किलो पुढच्या चाकांवर येते. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर १.५ मीटर धरू. ब्लोअर भरलेला असताना १६० अधिक २०० म्हणजे ३६० किलो होतो, आणि त्याचा गुरुत्वमध्य मागच्या आसापासून १.१ मीटर मागे आहे असे मानू. ३६० गुणिले १.१ भागिले १.५ म्हणजे २६४ किलो. एवढे वजन पुढच्या चाकांवरून उचलले जाते आणि पुढे फक्त ११६ किलो उरते. सुकाणू हाताळण्यासाठी ट्रॅक्टरच्या वजनाच्या किमान २० टक्के, म्हणजे १८० किलो, पुढच्या चाकांवर राहावेत असा सर्वसाधारण नियम आहे. म्हणजे चौकट नसतानाच तूट आहे. चौकट लावली तर १.१ चे १.२ होतात, २८८ किलो उचलले जातात आणि पुढे ९२ किलोच राहतात.

उपाय पुढच्या वजनांचा. पुढच्या आसाच्या अर्धा मीटर पुढे ६० किलोची वजने लावली तर तरफेमुळे त्यांचा परिणाम ८० किलोइतका होतो आणि ११६ चे १९६ होतात. म्हणून ब्लोअरसाठी आधी पुढची वजने घ्यावीत. चौकटीचा विचार त्यानंतर करावा. आणि ब्लोअर नेहमी टाकी रिकामी असतानाच जोडावा आणि सोडावा. पाणी एका लिटरला एक किलो असते. अर्धी टाकी उरली असेल तर आपण जादा १०० किलो सरकवत असतो, तेही हिंदकळणारे.

द्राक्ष_तासगाव

सगळे पटले, पण ट्रॅक्टरची गती औजाराला देणाऱ्या शाफ्टविषयी कोणीच लिहिले नाही. माझा वेळ तिथेच जातो. रोटर खाली बसला, दोन्ही हात लागले, टॉप लिंक लावली की पीटीओजवळ (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या टोकाजवळ, जिथे शाफ्ट लागतो) हात घालायला जागाच उरत नाही. मी टॉप लिंकच्या आधी शाफ्ट बसवतो. हे चूक आहे काय?

डाळिंबवाडी

भाऊ, मी आधी टॉप लिंक लावते आणि शाफ्ट शेवटी. टॉप लिंक नसताना कोणी चुकून लिफ्टचा लिव्हर वर केला, तर औजार खालच्या दोन पिनांवर फिरते, त्याचा मागचा भाग लटकतो आणि शाफ्ट वाकडा होऊन निसटतो. आमच्याकडे लहान मुले ट्रॅक्टरवर चढतात, म्हणून मी हा धोका पत्करत नाही.

हायड्रोलिक_पुणे

ताईंचा क्रम अधिक सुरक्षित आहे. परंतु मिनी ट्रॅक्टरच्या मागे जागा खरोखरच कमी असते, म्हणून तासगावकरांची अडचणही समजण्यासारखी आहे. इंजिन बंद आहे, चावी आपल्या खिशात आहे, औजार ठोकळ्यांवर स्थिर आहे, एवढे असेल तर शाफ्ट आधी बसवायला हरकत नाही. टॉप लिंक लागेपर्यंत लिफ्टला हात लावायचा नाही, हे मात्र पाळावेच.

शाफ्ट बसत नाही याची कारणे बहुतेक वेळा साधी असतात. पीटीओच्या शाफ्टला ३५ मिमी व्यासावर सहा दाते असतात, त्यामुळे दाते समोरासमोर येण्यासाठी शाफ्ट जास्तीत जास्त साठ अंश फिरवावा लागतो. ठोकू नये, फिरवावा. शाफ्ट जागी धरणारी खटकी कोरडी पडून अडकते, तिच्यात दर आठवड्याला तेलाचा थेंब सोडावा. दात्यांना आणि आतल्या सरकत्या नळ्यांना ग्रीस लावावे. सोडलेला शाफ्ट मातीत टाकू नये, औजारावर आकडा करून त्यात टांगावा. आणि पिना किंवा चौकट बदलून औजाराचे अंतर बदलले असेल तर शाफ्टच्या दोन नळ्या एकमेकींत किती राहतात ते उचललेल्या आणि टेकलेल्या अशा दोन्ही अवस्थांत मोजावे. नळीच्या लांबीच्या निदान एक तृतीयांश भाग आत असलाच पाहिजे, आणि सर्वांत जवळच्या अवस्थेत नळ्या तळाला टेकताही कामा नयेत.

शाफ्टचे प्लास्टिकचे आवरण फाटले असेल तर ते आजच बदलावे. पीटीओ मिनिटाला ५४० फेरे फिरतो, म्हणजे सेकंदाला नऊ. ओढणी, उपरणे किंवा सदऱ्याची बाही त्यात गेली तर माणसाला ओरडायलाही अवधी मिळत नाही.

लोखंडकाम_कोल्हापूर

टॉप लिंकविषयी थोडे. सोडताना ती ताणात असताना पिन हातोडीने उडवतात, तसे करू नये. औजार ठोकळ्यांवर पूर्ण टेकवून, इंजिन बंद करून, टॉप लिंकचा मधला भाग थोडा फिरवावा. तिच्या एका टोकाला उजवे आणि दुसऱ्या टोकाला डावे आटे असतात, त्यामुळे ती दोन्हींकडून एकदम लांब किंवा आखूड होते. ताण गेला की पिन दोन बोटांनी निघते. मग त्या लांबीवर रंगाची खूण करावी, पुढच्या वेळी तेवढीच लांबी ठेवून यावे. आटे गंजले असतील तर रॉकेलमध्ये रात्रभर बुडवून, स्वच्छ करून ग्रीस भरावे.

आयची_प्रीफेक्चर

मी नोकरीनिमित्त जपानमध्ये राहतो आणि इथल्या भातशेतीत हे रोज पाहतो. इथल्या लहान ट्रॅक्टरांना त्रिकोणी जोडचौकट सर्रास असते, आणि तिच्या एका प्रकारात औजार उचलताच पीटीओचा शाफ्टही आपोआप जोडला जातो. चालकाला खाली उतरावे लागत नाही. मात्र हे शक्य होते कारण रोटर आणि चौकट एकमेकांसाठी ठरलेल्या मापाने बनवलेली असतात. वर कोल्हापूरकरांनी लिहिले तेच कारण. आपल्याकडच्या कारागिरांनी एक माप पाळायचे ठरवले तर हे आपल्याकडेही अवघड नाही, असे मला मनापासून वाटते.

बागाईतदार_निफाड

पाच आठवड्यांनी लिहितो आहे, उशिराबद्दल क्षमस्व. छाटणीच्या गडबडीत वेळ मिळाला नाही, पण जे केले ते सांगणे मला आवश्यक वाटते.

शेडसमोर बारा बाय बारा फुटांचा कोबा केला. ब्लोअरच्या पिना ६८३ मिमीवर आणून घेतल्या. पुढे ६० किलोची वजने लावली. बांधावरून वळताना पूर्वी चाके वळूनही ट्रॅक्टर सरळ जायचा, तो आता वळतो. चौकट घेतली नाही. ताईंसारखे बाभळीचे ठोकळे केले आणि चाकांसाठी पट्टे ओढले, त्यासाठी आधी औजार व्यवस्थित जोडलेल्या स्थितीत ट्रॅक्टर उभा करून चाकांच्या कडेने खडूने खुणा घेतल्या आणि नंतर त्यांवर रंग दिला.

पहिल्या आठवड्यात रोटर जोडायला पंचवीस मिनिटे लागत होती. आता दोन्ही हात, टॉप लिंक, शाफ्ट आणि साखळ्या धरून नऊ ते दहा मिनिटे लागतात, ब्लोअरला त्याहून थोडी कमी. पहार शेडच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवली आहे आणि या पाच आठवड्यांत ती औजारासाठी हातात घ्यावी लागली नाही.

एक गोष्ट अजून जमत नाही. कल्टिव्हेटर ठोकळ्यांवर स्थिर राहत नाही, फण मध्ये येतात आणि तो पुढे कलंडतो. त्याला खाली पाय लावून घ्यावेत की वेगळा स्टँड करावा? कोल्हापूरकरांनी आणि ताईंनी सांगावे. उद्या सकाळी त्याचे फोटो आणि मापे इथे टाकतो.